पाच नद्या, दोन चाके

तंजावूरला येणारा मराठी माणूस सहसा अर्ध्या दिवसाचा पाहुणा असतो. मदुराई आणि रामेश्वर यांच्या यात्रेत कुठेतरी तंजावूर बसवलेले असते. सकाळी बृहदीश्वराचे दर्शन, मग राजवाडा, दरबाराची रंगीत कमानदार जागा, कलादालनातील चोळकालीन कांस्यमूर्ती, सरस्वती महाल ग्रंथालयाचे लहानसे प्रदर्शन आणि दुपारच्या जेवणानंतर पुढच्या गावाची वाट. एवढ्या वेळात त्याला अभिमान वाटतो आणि थोडे वाईटही वाटते. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७६च्या सुमारास येथे राज्य उभे केले आणि ते १८५५पर्यंत टिकले, हे ऐकून छाती भरून येते. वाड्याच्या भिंतींचा उडालेला गिलावा पाहून मन खंतावते. दोन्ही भावना खऱ्या असतात, पण दोन्ही स्वस्त असतात. गाडी सुरू झाली की त्या मागे राहतात.

या गावाला वेगळ्या गतीने भेटणारेही काही लोक आहेत. मोडी कागद वाचण्यासाठी किंवा जुनी नाटके, आख्याने तपासण्यासाठी महिना-दोन महिने येथे येऊन राहणारा अभ्यासक हा त्यांतला एक. त्याचा आठवडा पोथ्यांत जातो. ग्रंथालयात पन्नास हजारांच्या आसपास हस्तलिखिते आहेत. ताडपत्रावरची आहेत, कागदावरची आहेत. त्यांपैकी मराठी तीन हजारांच्या घरात. असा माणूस शनिवार आला की मान वर करतो आणि कुठून तरी मिळवलेली एक जुनी सायकल बाहेर काढतो. त्याला कुठला विक्रम करायचा नसतो. दिवसाला वीस-पंचवीस मैल, तेही थांबत थांबत, एवढीच त्याची मजल. पण तंजावूरचे मराठीपण कोठे आहे, या प्रश्नाचे उत्तर त्याला वाड्यात जितके सापडते त्याहून अधिक या रेंगाळत्या फिरण्यात सापडते. असे का होते, हे पाहण्यासारखे आहे.

आरंभ अर्थात वाड्यापासूनच होतो. नायक राजांनी बांधलेला आणि मराठ्यांनी वाढवलेला हा वाडा म्हणजे एक इमारत नव्हे. अनेक शतकांच्या गरजांनी एकमेकींना चिकटलेल्या इमारतींचा तो पुंजका आहे. त्याच्या भोवतीच्या चार मोठ्या रस्त्यांना आजही दिशांचीच नावे आहेत. शनिवारी दुपारी ऊन कलले की या चार रस्त्यांवरून सायकल हळू चालवीत जाणे हा एक प्रकारचा वाचनाचाच भाग ठरतो. उत्तर आणि पश्चिम रस्ते मिळतात त्या कोपऱ्यावर प्रतापसिंहाने बांधलेले मारुतीचे देऊळ लागते. लोक त्याला ‘मूलै आंजनेयर’, म्हणजे कोपऱ्यावरचा मारुती म्हणतात. पुढे एका गल्लीच्या पाटीवर तमिळ अक्षरांत ‘मानोजियप्पा वीदी’ असे नाव दिसते. हा मानोजी म्हणजे तंजावूरच्या सैन्याचा सरदार मानोजी जगताप. आपल्याकडचा ‘जी’ आणि तिकडचा ‘अप्पा’ त्या नावात शेजारी शेजारी नांदत आहेत. मोटारीतून जाणाऱ्याला ही पाटी दिसत नाही. पायी जाणाऱ्याला दिसते, पण तो थकून परतल्यामुळे पुढची पाटी दिसत नाही. सायकलवाल्याला दोन्ही दिसतात.

किल्ल्याच्या भिंती बहुतेक गेल्या. खंदकाच्या खुणा मात्र मधूनमधून लागतात. त्या खुणांच्या आधाराने सगळ्या जुन्या किल्ल्याला एक वळसा घालावा. कितीही रेंगाळले, मधे चहा घेतला, तरी फेरी तासाभरात पुरी होते. मग मनात एक हिशेब उभा राहतो. २५ ऑक्टोबर १७९९च्या तहाने दुसऱ्या सरफोजीराजांनी राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती दिला. वर्षाला एक लाख होन आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा एवढे त्यांच्या वाट्याला आले, आणि सत्ता उरली ती किल्ला व त्याच्या लगतचा थोडा मुलूख एवढ्यावर. इतिहासाच्या पुस्तकात हे वाक्य अनेकदा वाचलेले असते. पण सायकलने तासाभरात फेरी पूर्ण झाली की ते वाक्य पायांना कळते. ज्याच्या नावाने आपण अभिमान बाळगतो त्या राजाचे राज्य एवढेच होते. १८३२ साली तो वारला तोवर तेहेतीस वर्षे तो एवढ्याच परिघाचा राजा होता.

आणि तरीही त्याचे काम त्या परिघात मावत नाही. ते पाहायचे तर किल्ल्याबाहेर पडावे लागते.

किल्ल्याबाहेर पडण्यासाठी सायकलइतके सोयीचे वाहन या प्रदेशात दुसरे नाही. कावेरीचा हा त्रिभुज प्रदेश म्हणजे समुद्राकडे अगदी हळूच उतरत जाणारे एक ताट आहे. पुण्याकडच्या माणसाला सायकल म्हटली की घाट आठवतो, पोटऱ्यांत आलेले गोळे आठवतात. येथे चढ म्हणजे पुलाचा चढ. पूल संपला की रस्ता पुन्हा भाताच्या खाचरांच्या पातळीवर येतो. अडचण असेल तर ती वाऱ्याची. आषाढ-श्रावणाच्या सुमारास, तमिळ आडी महिन्यात, पश्चिमेचा वारा असा सुटतो की त्यात पाटासुद्धा उडून जाईल अशी तमिळ म्हण आहे. त्या दिवसांत पूर्वेकडे निघालेला सायकलस्वार जाताना स्वतःच्या तब्येतीवर खूश असतो; परतताना त्याला खरे काय ते समजते.

शिवाय या भागात सायकल हे हौसेचे वाहन नाही. ती शेतकऱ्याची आहे, कॅरिअरला दुधाची किटली बांधणाऱ्याची आहे, आणि गेल्या पाव शतकात ती फार मोठ्या प्रमाणावर मुलींची झाली आहे. शेजारच्या पुदुक्कोट्टै जिल्ह्यात १९९०च्या दशकाच्या आरंभी साक्षरतेच्या चळवळीने अक्षरांबरोबर सायकल शिकवायला घेतली आणि एक लाखांहून अधिक ग्रामीण स्त्रिया ती शिकल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्या चळवळीची हकीकत लिहून ती देशभर पोचवली. पुढे २००१-०२ मध्ये तमिळनाडू शासनाने अनुसूचित जाती-जमातींच्या उच्च माध्यमिक विद्यार्थिनींना मोफत सायकली देण्यास आरंभ केला आणि २००५-०६ पासून ती योजना इतर विद्यार्थ्यांसाठीही खुली केली. त्यामुळे शनिवारी शाळा असेल तर सकाळी रस्त्यावर दोन-दोन, तीन-तीनच्या रांगा दिसतात. वेणीत अबोलीचा गजरा, पाठीवर दप्तर, आणि एकमेकींशी बोलण्यात इतक्या गुंतलेल्या की मागच्याने घंटी वाजवली तरी ऐकू येऊ नये. बाहेरून आलेला अभ्यासक या रांगांच्या मागून चालतो तेव्हा आपण काही विशेष करीत आहोत हा त्याचा समज नाहीसा होतो. ते बरेच होते.

रविवारचा पहिला रस्ता उत्तरेचा, तिरुवैयारूचा. अंतर जेमतेम बारा किलोमीटर. पण या बारा किलोमीटरांत पाच नद्या ओलांडाव्या लागतात. गाव सुटता सुटता वडवार, मग वेण्णार, वेट्टार, कुडमुरुट्टी आणि अखेरीस स्वतः कावेरी. तिरु म्हणजे श्री, ऐ म्हणजे पाच, आरु म्हणजे नदी. संस्कृतात याच गावाला पंचनदक्षेत्र म्हटले आहे. बसमध्ये बसलेल्याला पाच वेळा खिडकीतून गार वारा लागतो, एवढाच या नावाचा अर्थ. सायकलवाला मात्र प्रत्येक पुलावर उतरतो, कठड्याला सायकल टेकवतो आणि पाहतो. एकच नदी माणसाने किती काळजीपूर्वक वाटून घेतली आहे, हे त्याच्या ध्यानात येते. वर कल्लणै येथे पाण्याचे फाटे वेगळे होतात आणि पुढे त्यांचे कालवे, पाट, चर होत होत शेवटी एखाद्या खाचराच्या बांधाला पडलेल्या वीतभर खिंडीतून ते पाणी आत शिरते.

ऋतूप्रमाणे हा रस्ता पार बदलतो. एप्रिलमध्ये पाच नद्या म्हणजे वाळूचे पाच पट्टे असतात. वाटेत ताडगोळे आणि नन्नारीचे सरबत हाच आधार. मेट्टूर धरणातून पाणी सोडण्याचा रूढ दिवस १२ जून. पाऊसपाणी नीट असेल तर त्यानंतर काही दिवसांनी हेच पट्टे भरतात आणि कुरुवै भाताची गडबड सुरू होते. आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी, म्हणजे ऑगस्टच्या आरंभी, बायका नदीकाठी येऊन पाण्याची पूजा करतात. तिरुवैयारूच्या घाटावर त्या दिवशी सायकल टेकवायलाही जागा सापडत नाही. पोंगलच्या आगेमागे सांबा भाताची कापणी होते आणि रस्त्याच्या कडेला, कित्येकदा निम्म्या रस्त्यावरही, वाळायला पसरलेले भात दिसते. मोटारी त्यावरून जातात. सायकलवाला उतरून कडेने जातो. ढिगाशी बसलेली बाई मान हलवते. ओळख पटल्याची ती खूण असते, एवढे कळायला भाषा लागत नाही.

तिरुवैयारूला कावेरीच्या काठी त्यागराजांची समाधी आहे. १७६७ ते १८४७ हा त्यांचा काळ. म्हणजे तुळजाराजे, अमरसिंह, सरफोजी आणि दुसरे शिवाजी अशा चार राजवटी त्यांनी पाहिल्या. सरफोजींनी त्यांना दरबारी बोलावले आणि त्यांनी नकार दिला, अशी कथा सांगितली जाते. ती कथा जशीच्या तशी घडली असेल वा नसेल. पण तिच्यातला भूगोल खरा आहे. एका बाजूला वाडा, दुसऱ्या बाजूला नदीकाठचे घर, आणि मध्ये पाच नद्या. नकार द्यायला आणि तो मानायला तेवढे अंतर पुरेसे होते. मराठी राजाच्या राज्यात, तमिळ गावात बसून, एका माणसाने आयुष्यभर तेलुगूत गावे आणि याचे कोणालाही नवल वाटू नये, ही गोष्ट आजच्या काळात थांबून विचार करण्यासारखी आहे. राजे स्वतः तरी काय वेगळे करीत होते? शहाजीराजांनी, म्हणजे व्यंकोजींच्या थोरल्या पुत्राने, मराठीत नाटके लिहिली आणि तेलुगूतही लिहिली. विष्णुदास भाव्यांच्या १८४३ सालच्या ‘सीतास्वयंवरा’पूर्वी दीडशे वर्षे मराठी नाटक येथे होते, हे आपण अभिमानाने सांगतो, ते ज्या शेजाराने शक्य झाले त्याची आठवण मात्र ठेवत नाही.

दुसरा रविवारी घ्यावा असा रस्ता दक्षिण-पूर्वेचा, ओरत्तनाडूचा. हा चोवीस-पंचवीस किलोमीटरांचा आहे आणि त्याच्या आधी बृहदीश्वराच्या मंदिरात थोडे थांबणे इष्ट. मंदिराच्या प्राकारात, नैऋत्येच्या बाजूला, भिंतीवर १८०३ साली कोरलेला मराठी शिलालेख आहे. भोसले घराण्याचा सगळा वृत्तान्त त्यात आहे. इतका लांब शिलालेख दुर्मिळच. मराठी प्रवासी त्यापुढे उभे राहून छायाचित्र काढून घेतात. पुढे पुढे सरकत चार ओळी वाचतात आणि थांबतात. अक्षर देवनागरी असले तरी ते सलग वाचणे सोपे नाही. ज्याचे राज्य तासाभराच्या फेरीएवढे उरले त्या राजाने, तहानंतर चारच वर्षांनी, आपला वंश दगडात लिहवून घेतला. या लेखामागची व्यथा कळते. पण याच सुमारास त्याने आणखी एक गोष्ट उभी केली आणि ती पाहायला मराठी प्रवासी सहसा जात नाही.

मंदिरासमोरून वाहणारा कालवा लोक ‘पुदु आरु’, नवी नदी, म्हणून ओळखतात. मेट्टूर धरणाबरोबर, १९३४च्या सुमारास, तो आला. त्याच्या सोबतीने, चिंचेच्या आणि नारळीच्या सावलीतून ओरत्तनाडू येते. येथे १८०२ साली सरफोजींनी मुक्तांबाळ छत्र बांधले. मुक्तांबाळ ही त्यांची लग्नाची राणी नव्हे, प्रिय स्त्री होती. तिच्या स्मरणार्थ ही वास्तू उभी राहिली आणि गावालाही मुक्तांबाळपुरम् हे नाव मिळाले. रामेश्वराकडे जाणाऱ्या वाटेवर अशी छत्रे टप्प्याटप्प्याने होती. नीडामंगलमला यमुनांबाळ, मीमिसलला राजकुमारांबाळ, मणमेल्कुडीला द्रौपदांबाळ. राजघराण्यातील स्त्रियांची नावे अशी रस्त्यावर, वाटसरूंच्या तोंडी राहिली. देवळाच्या भिंतीवरच्या वंशावळीत पुरुषांची नावे आहेत; रस्त्यावर बायकांची.

छत्र म्हणजे धर्मशाळा, असे आपण चटकन म्हणून मोकळे होतो. सरफोजींनी १८०१ साली रेसिडेंट बेंजामिन टॉरिन याला पाठवलेले एक पत्र प्रसिद्ध आहे. त्यात छत्रांत काय चालते याचे वर्णन आहे. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत, जोगी, जंगम, फकीर, कोणीही वाटसरू आला तरी त्याला शिजवलेला भात मिळे; शिजवलेले न चालणाऱ्याला शिधा मिळे. आजाऱ्याला वैद्य होता, विषबाधेवर उपचार होते. वाटेत दिवस भरलेल्या स्त्रीची सोय होती, पोरक्या मुलांना पंतोजी होता, वाटेत मेलेल्याच्या अंत्यविधीची तजवीज होती. आणि मध्यरात्री घंटा वाजवून, अजून कोणी उपाशी राहिला असेल तर त्याने यावे, अशी हाक दिली जाई. हे पत्र लिहिण्याचे कारण साधे होते. मुलूख कंपनीकडे गेला होता. छत्रांना तोडून दिलेली गावे तरी आपल्या हातून जाऊ नयेत अशी राजाची विनंती होती. सैन्य, महसूल, न्याय हे सगळे गमावलेल्या माणसाने रस्त्यावरच्या भातासाठी शब्द टाकला. शिलालेखातला राजा आणि या पत्रातला राजा एकच. पण ओरत्तनाडूपर्यंत पंचवीस किलोमीटर सायकल मारून आलेल्या, घामाने निथळणाऱ्या आणि कडकडून भूक लागलेल्या माणसाला दुसरा अधिक जवळचा वाटला तर नवल नाही.

त्या भातालाही पुढे भिंती आल्या, हे सांगितले पाहिजे. विसाव्या शतकात छत्रांच्या निधीतून शाळा आणि वसतिगृहे चालू लागली तेव्हा त्यांत कोणाला जागा, यावरून वाद झाले. १९२०च्या दशकात जिल्हा बोर्डाचे अध्यक्ष असलेले ए. टी. पन्नीरसेल्वम यांनी अशा वसतिगृहांची दारे ब्राह्मणेतर मुलांना उघडली. जस्टिस पक्षाच्या इतिहासात ही घटना नोंदलेली आहे. मराठी लेखनात तिचा उल्लेख क्वचित सापडतो. पण मुक्तांबाळ छत्राची गोष्ट तिच्याशिवाय पुरी होत नाही. दाता एका हेतूने देतो. पुढचे लोक त्या दानाचा संकोच करतात. आणि मग कोणीतरी ते पुन्हा मूळ हेतूपाशी आणून ठेवतो. हे आणून ठेवणारे हात मराठी नव्हते, यात उणेपणा काही नाही. उलट दान रुजले ते असे.

ओरत्तनाडूहून परतताना एखाद्या वेळी ट्यूब पंक्चर होते. रस्त्याकडेच्या दुकानात पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधले जातात, काचपेपराने रबर घासले जाते, सोल्यूशन लावून वाट पाहिली जाते. या अर्ध्या तासात बाकावर बसलेली माणसे विचारपूस करतात. कुठून आलात? महाराष्ट्रातून. मग कोणीतरी वयस्क गृहस्थ मान डोलावून ‘रायर’ असा शब्द उच्चारतो. येथल्या मराठी ब्राह्मणांना तमिळ लोक याच नावाने ओळखतात. त्याच्या आठवणीत एखादे रायर मास्तर असतात, एखादे रायर कारकून, किंवा नुसतीच एक चव असते. डांगर पच्चडी हा पदार्थ अनेक तमिळ घरांत होतो आणि तो मराठी घरांतून आला आहे हे काही जणांना ठाऊकही असते. मोठ्या तोंडाच्या पितळी भांड्याला तमिळमध्ये ‘कंगाळम्’ म्हणतात. ते आपले गंगाळ. भाषा अशा रीतीने भांड्यात आणि ताटात शिरते आणि मग तिला कोणी परकी म्हणत नाही.

तंजावुरी मराठी बोलणारी घरे आजही आहेत. तंजावुरात आहेत, कुंभकोणमला आहेत, चेन्नईत आणि त्याहून दूर पांगलेलीही आहेत. या मराठीत कित्येक जुनी रूपे टिकली आहेत आणि तिच्या अंगावर तमिळचे दागिने आहेत. पुण्यामुंबईहून आलेला माणूस ती ऐकून कधी हसतो, कधी भारावतो. दोन्ही वेळी बोलणारी म्हातारी संकोचते आणि तमिळमध्ये बोलू लागते. असे एकदा झाले की ते दार पुन्हा उघडणे कठीण. नातवंडांना ही बोली कळते, पण उत्तर ती तमिळमध्ये किंवा इंग्रजीत देतात. ज्या भाषेत उत्तर मिळत नाही तिचे पुढे काय होते, हे सांगायला भाषाशास्त्रज्ञ लागत नाही. वाड्याच्या गिलाव्यापेक्षा हे नुकसान मोठे आहे, आणि त्याचे छायाचित्र काढता येत नाही. तिच्या ओट्यावर बसून तिचे बोलणे न सुधारता, न वाखाणता ऐकून घेणे, एवढेच पाहुण्याला करता येते. सायकलवरून घामेजून आलेल्याला पाणी देताना ती त्याला परीक्षक समजत नाही, हा या वाहनाचा एक अनपेक्षित फायदा.

सरफोजींच्या नावावर ‘देवेंद्र कुरवंजी’ नावाची एक मराठी रचना आहे. कुरवंजी हा तमिळ नाट्यप्रकार. त्यात डोंगरात राहणारी, गावोगाव हिंडणारी, भविष्य सांगणारी कुरत्ती येते आणि आपण पाहिलेल्या देशांचे वर्णन करते. सरफोजींनी तिच्या तोंडी सगळ्या पृथ्वीचा आधुनिक भूगोल घातला. युरोपीय गुरूकडून शिकलेले ज्ञान, तमिळ नाट्यप्रकार आणि मराठी भाषा यांचा असा मेळ दुसरीकडे आढळणे कठीण. किल्ल्याएवढे राज्य असलेल्या राजाला पृथ्वीचे वर्णन करायला हिंडती बाई सापडावी, हेही अर्थपूर्ण आहे. तो स्वतः १८२० ते १८२२ या काळात काशीपर्यंत जाऊन आला होता. त्याच्या संग्रहात यंत्रे होती, छापखान्यात देवनागरी खिळे होते. १८१७ साली जर्मनीतल्या मानहाइममध्ये कार्ल फॉन द्राइस याने पायांनी रेटायचे दोन चाकांचे वाहन चालवून दाखवले तेव्हा सरफोजी चाळिशीत होते. ते यंत्र त्यांच्या हाती पडले असते तर त्यांनी त्यावरही मराठीत एखादा ग्रंथ लिहवून घेतला असता, असे त्यांचा ग्रंथसंग्रह पाहणाऱ्याला वाटल्यावाचून राहत नाही.

तिसरा रस्ता शनिवार-रविवार दोन्ही दिवस घेणारा. कुंभकोणम चाळीस किलोमीटर, तेथे मुक्काम. दुसऱ्या दिवशी पहाटे पूर्वेला निघाले की तिरुविसनल्लूर येते. १६९३ साली शहाजीराजांनी हे गाव चाळीसहून अधिक विद्वानांना दान दिले आणि त्याला शहाजिराजपुरम् असे नाव पडले. श्रीधर अय्यावाळ येथलेच. त्यांच्या घरच्या विहिरीत गंगा अवतरली अशी श्रद्धा आहे आणि कार्तिक अमावास्येला तेथे स्नानासाठी रांग लागते. पुढे गोविंदपुरम्, तेथे बोधेंद्रांचे अधिष्ठान. कुंभकोणमजवळच मरुदानल्लूर, सद्गुरुस्वामींचे गाव. दक्षिणेतील नामसंकीर्तनाची परंपरा या तिघांना आपले आद्य पुरुष मानते. तिच्या भजनात जयदेवाच्या अष्टपदीबरोबर, पुरंदरदासांच्या आणि त्यागराजांच्या पदांबरोबर नामदेव-तुकारामांचे अभंग येतात. तंजावूरच्या कृष्ण भागवतरांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी कीर्तनाची धाटणी आपल्या हरिकथेत आणली आणि साकी, दिंडी, ओवी हे छंद तमिळ कथेत वावरू लागले. गोविंदपुरम् येथे २०११ साली विठ्ठल-रखुमाईचे मोठे मंदिरही उभे राहिले.

त्या मंदिरात किंवा वाटेवरच्या एखाद्या भजनमठात तमिळ कुटुंबे अभंग गातात. उच्चार तमिळ वळणाचे असतात. ‘ख’चा ‘क’ होतो, ‘भ’चा ‘ब’ होतो. अर्थ त्यांनी वहीत तमिळ लिपीत उतरवून घेतलेला असतो. मराठी कान प्रथम अडखळतो. मग लक्षात येते की घरात बोलली जाणारी मराठी येथे ओसरत असताना, जिला मराठीचा वारसा नाही अशा माणसांच्या तोंडी ती गाण्यातून वाढत आहे. या दोन गोष्टी एकमेकींची भरपाई करीत नाहीत. आजीची बोली गेली तर अभंगांनी ती परत येणार नाही. पण ज्याला फक्त ऱ्हासाचीच कथा सांगायची सवय आहे, त्याला या गावात आपले वाक्य बदलावे लागते.

या सगळ्या फिरण्यात सायकलवाल्याला सतत रस्ता विचारावा लागतो. पाट्या तमिळमध्ये, फाटे अनेक, आणि प्रत्येक पाटाकाठची वाट दुसऱ्या पाटासारखी. सांगणारा हात पुढे करून ‘नेरा पोंग’ म्हणतो, सरळ जा. मराठ्यांनी जिथे राज्य केले तिथे मराठी माणसाने वाट विचारीत हिंडावे, यात कोणाला विपरीत वाटेल. वस्तुतः हेच त्या राज्याच्या उत्तम भागाशी सुसंगत आहे. त्या भागाचे सगळे कर्तृत्व वाटसरूभोवती उभे होते. तेथे येणाऱ्याला नाव-गाव-जात विचारण्याआधी भूक विचारली जाई. आपल्या पूर्वजांच्या वैभवाचा मालक म्हणून तंजावुरात हिंडणाऱ्याला थोडेच सापडते. वाटसरू म्हणून हिंडणाऱ्याला छत्रे सापडतात.

सोमवारी अभ्यासक पुन्हा ग्रंथालयात येतो. तंजावूरच्या मोडी दप्तरांत छत्रांचे जमाखर्च आहेत. १९८१ साली स्थापन झालेल्या तमिळ विद्यापीठाने या कागदांपैकी काहींचे तमिळ भाषांतरही प्रसिद्ध केले आहे. आजवर हे जमाखर्च वाचणे त्याला कंटाळवाणे वाटलेले असते. तांदूळ इतका, डाळ इतकी, ताक, मीठ, सरपण, वैद्याचा मुशाहिरा. राजांच्या पत्रांसाठी, नाटकांच्या पोथ्यांसाठी तो ही पाने उलटून पुढे जात असे. आता तो थांबतो. दोन छत्रांमधले अंतर चालणाऱ्याला किती दिवसाचे, उन्हाळ्यात वाटेत पाणी कोठे लागते, पुलावर वारा कोणत्या बाजूचा, हे त्याला ठाऊक झालेले असते. तांदळाच्या आकड्यामागे त्याला माणसे मोजता येतात. मोडीच्या एकमेकींत गुंतलेल्या अक्षरांतून तो ते आकडे एका बाजूला उतरवून घेऊ लागतो, सावकाश, एकही न गाळता.